लॅथम काउंटीचे सागरी मैल

आंग मो किओ, सिंगापूर
रविवार, ६ जुलै २०२५

निशिकांत,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे.

तुझं पुस्तक मिळालं. तू पाठवलं नाहीस. इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरी मीनल आहेत, त्यांनी आणून दिलं. तीन ऑगस्टला त्यांच्या जुरोंग ईस्टच्या कॉन्डोतल्या क्लबहाउसमध्ये प्रकाशन आहे, लेखक खास अमेरिकेहून येणार आहेत, आणि तुम्हाला नकाशांची आवड म्हणून तुम्हीच आधी वाचा, असं म्हणाल्या. बाईंना आपल्याबद्दल काही ठाऊक नाही. मीही सांगितलं नाही. वाचलं. तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा हातात पट्टी घेऊन.

'सपाट मुलुखातली माझी माणसं'. पानं दोनशे अठरा. नेब्रास्का राज्यातली लॅथम काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याएवढा मुलूख, तिचा भूगोल आणि तिथली माणसं, मराठीत पहिल्यांदाच. मुखपृष्ठावर तू, मागे मक्याचा एलिव्हेटर, म्हणजे धान्याचं उंच कोठार. फोटो चांगला आलाय. पोट सुटलंय.

पुस्तकात त्रेचाळीस चुका आहेत.

नमुन्याला तीन देतो. पान ६१. उत्तरेला जाणारा सरळसोट रस्ता बोहेमिया टाउनशिपच्या हद्दीवर येतो, एकदम पूर्वेला साठ-सत्तर पावलं सरकतो आणि पुन्हा उत्तरेला लागतो. तू लिहितोस, दोन जमीनमालकांच्या भांडणामुळे. कसलं भांडण? पृथ्वी गोल आहे. उत्तरेकडे रेखांश जवळ येत जातात, आणि जमिनीचे चौकोन पाडणाऱ्या सर्व्हेयरला दर चोवीस मैलांवर ती तूट भरून काढावी लागते. तिथले शेतकरी त्या वळणाला 'करेक्शन' म्हणतात. सोळा वर्षं तू त्या वळणावर स्टिअरिंग फिरवतोयस, आणि एकाही म्हाताऱ्याला विचारावंसं वाटलं नाही?

पान ९४. व्हर्ना क्लाइनबाई 'आजही' ऑर्विनच्या पोस्टाच्या खिडकीत बसून प्रत्येकाला त्याच्या गाईगुरांसकट विचारतात. बाई गेल्या, निशिकांत. फेब्रुवारी २०२१. तिथल्या साप्ताहिकात आलं होतं. एक्कावन्न वर्षं त्या ल्युथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होत्या आणि त्या गेल्यावरच्या रविवारी त्यांच्या जागी वाजवायला कुणी मिळालं नाही म्हणून लोकांनी तोंडानेच म्हटलं. हे मी इथे आमच्या इमारतीखाली कोपी, म्हणजे इथली कॉफी, पिताना वाचलं. तू तिथून अकरा मैलांवर राहतोस.

पान ११२. मडी फोर्क ओढा 'पश्चिमेला वाहत जातो'. नेब्रास्कात पाणी पश्चिमेला चढायला लागलं हे सरकारला कळवायला हवं.

आणि पान २१७. आभार. तुझ्या बहिणीचे, तिच्या नवऱ्याचे, इथेनॉल प्लांटच्या मॅनेजरचे, आणि मग: 'जहाजावरच्या एका खलाशाने पुरवलेल्या काही टिपणांचाही उपयोग झाला.'

मी खलाशी नव्हतो. सुखाणी होतो. जहाजाचं चाक माझ्या हातात असायचं. ही चव्वेचाळिसावी चूक धरली असती, पण ती तू मुद्दाम केलीस, आणि मुद्दाम केलेल्याला आमच्या धंद्यात चूक म्हणत नाहीत.

समारंभाला मी येणार. प्रश्नोत्तरांच्या वेळी उभा राहणार आणि यादी वाचणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आधी कळवतोय, कारण न कळवता वार करणं मला जमत नाही. हे हाताने लिहून स्कॅन करून पाठवतोय. मूळ पत्र रजिस्टरने येईल.

गुरुप्रसाद केळुसकर


आंग मो किओ
रविवार, १३ जुलै

निशिकांत,

मंगळवारचा तुझा फोन झाल्यावर सुलभाने विचारलं कुणाचा, म्हटलं राँग नंबर. सोळा वर्षांनी तुझा आवाज ऐकला. मराठी तेवढंच चांगलं आहे. खोटंही.

तू म्हणालास, तुझ्या टिपणांच्या वह्या २०१९च्या पुरात तळघरातून वाहून गेल्या, हे तुला तेव्हाच कळवलं होतं. हो, कळवलं होतंस, दोन ओळींत. म्हणालास, पुस्तक मी माझ्या डोळ्यांनी पाहून लिहिलंय, बारीकसारीक चुका कुणाच्या राहत नाहीत. म्हणालास, ये ना गुरू, पुढच्या रांगेत बस. इथवर मी ऐकून घेतलं. मग तू हसलास आणि म्हणालास, "पण तू तिथे कधी गेलायस तरी का?"

त्याचं उत्तर फोनवर दिलं नाही. आता घे.

सत्त्याण्णव साली न्यू ऑर्लिन्सला आपल्या जहाजात मका भरत होते, नऊ दिवस. सीमन्स मिशनचा पाद्री जुन्या पुस्तकांचं खोकं देऊन गेला. बाकीच्यांनी त्यातली उघड्या बायकांच्या चित्रांची पुस्तकं पळवली, आणि तळाला राहिलं ते लॅथम काउंटीचं जमीनमालकांचं नकाशापुस्तक. सोळा टाउनशिप, प्रत्येकीत छत्तीस चौकोन, प्रत्येक चौकोन एक मैलाचा, त्यात मालकांची नावं. ते पुस्तक खोक्यातून मी काढलं. तू आत डोकावून म्हणालास, हा तर सातबारा आहे रे, अख्ख्या तालुक्याचा.

तू तिसरा इंजिनिअर, पदवीवाला, ऑफिसर. मी वेंगुर्ल्याचा दहावी पास. डेकवर मी तुला तीनसाब म्हणायचो, केबिनचं दार लागलं की निशी. ड्युटी संपली की तू इंजिनरूममधून तेलकट हातांनी यायचास आणि मी तुला पुस्तकाला हात लावू द्यायचो नाही. पानं मी उलटायचो. चारी बाजूंना पाणी, आणि आपण दोघं रेझनिचेकच्या शेतातून झालेकच्या शेतात जायचो. तू म्हणायचास, बोहेमिया टाउनशिप, चौकोन चौदा. मी म्हणायचो, ऑटो रेझनिचेक, तीनशेवीस एकर, मधून ओढा. बोसन, म्हणजे डेकवरचा मुकादम, विचारायचा, कोण हे रेझनिचेक, तुमचे मावसभाऊ काय? तू म्हणायचास, होय, नि श्रीमंत आहेत.

तेव्हापासून बारा वर्षं मी सात वह्या भरल्या. सरकारी सर्व्हेचे नकाशे पोस्टाने मागवले, तिथलं साप्ताहिक लावलं, शंभर वर्षांची जनगणना उतरवली. कुठल्या खेड्यात चेक, कुठल्या जर्मन, कोण कॅथलिक, कोण ल्युथरन, कुठल्या वर्षी गारा पडल्या, कुठली शाळा मुलं नाहीत म्हणून बंद झाली. ते सगळं तू त्या वेळी वाचत होतास, आणि ठरलं होतं की जायचं ते दोघांनी बरोबर.

२००९ साली व्हिसाच्या खिडकीवर तुझं झालं. तुझी बहीण तिकडे होती, शिक्षण होतं. मला तिथल्या बाईने विचारलं, अमेरिकेत काय बघणार? तू आदल्या दिवशी पढवलं होतंस, नायगारा सांग. मी लॅथम काउंटी सांगितली. तिने विचारलं, तिथे काय आहे? मी वीस मिनिटं सांगत होतो. कुठल्या रस्त्याला कुठला पूल, शाळेच्या मागे कुणाचं शेत, एलिव्हेटरची किल्ली कुणाकडे. बाई लिहायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. जिथे आपलं कुणी नाही, जिथे आपण कधी गेलो नाही, तिथल्या प्रत्येक दाराचं नाव पाठ असलेला माणूस कुठलं सरकार आत घेईल? नाकारलं. पुन्हा दोनदा गेलो, दोनदा नाकारलं.

तर नाही. मी तिथे कधी गेलेलो नाही. वह्या गेल्या. चांगी विमानतळावर मी त्या तुझ्या हातात दिल्या, प्लॅस्टिकमध्ये बांधून. ठरलं होतं की तू एकेका जागी जाशील, पाहशील, खूण करशील आणि दोन वर्षांत परत पाठवशील.

मागच्या पत्रात चुका त्रेचाळीस लिहिल्या. त्या चौतीस धर. उरलेल्या नऊंचं पुढे बघू.

गुरुप्रसाद


आंग मो किओ
रविवार, २० जुलै

निशिकांत,

नऊंचं आता सांगतो. आठवडाभर सांगावं की नाही याचा विचार केला. सांगितलं नाही तर पुरावा उरत नाही, हे पहिल्यांदा लक्षात आलं.

मी काय काम करतो ते तुला ऐकून माहीत असेल. समुद्र सोडल्यापासून नकाशांच्या दुकानात आहे, आंग मो किओच्या औद्योगिक इमारतीत चौथ्या मजल्यावर. जहाजांचे सागरी नकाशे दर आठवड्याला दुरुस्त करायचे असतात. कुठे नवीन बोया बसला, कुठे जहाज बुडालं, कुठे गाळ साचला. पत्रक येतं, त्याप्रमाणे शाईने हाताने दुरुस्ती करायची, खाली क्रमांक टाकायचा. आता सगळं स्क्रीनवर गेलंय, कागदवाले आम्ही तिघंच उरलो. सतरा वर्षांत माझी एक दुरुस्ती परत आलेली नाही. कुठल्याही कॉलेजात मी हे शिकलो नाही. जहाजाचे नकाशे सांभाळणाऱ्या सेकंड मेटच्या खांद्यावरून बघून शिकलो.

जूनमध्ये एका दुपारी हॉकर सेंटरमध्ये जेवताना तुझं पुस्तक आणि फोनवरचा नकाशा समोर घेऊन बसलो होतो. पान ३८, ऑर्विन ते सेंट वेन्सेस्लॉस चर्च, १२.२ मैल. फोन म्हणाला चौदा. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पान ५५, एलिव्हेटर ते मडी फोर्कचा पूल, ६.१. फोन म्हणाला सात. आणखी बरं वाटलं. पान ७९, झालेकचं शेत ते काउंटीची उत्तर हद्द, १८.२. एकवीस. असे नऊ सापडले. नवव्यानंतर सहज भागाकार केला. नऊच्या नऊ वेळा उत्तर एकच आलं, एक पूर्णांक पंधरा.

तो आकडा बघून माझा चमचा तसाच राहिला. एक सागरी मैल म्हणजे जमिनीवरचे एक पूर्णांक पंधरा मैल. हे सुखाण्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल.

सागरी नकाशावर अंतर कसं घेतात ते तू बघितलं नसशील, तू खाली इंजिनात असायचास. डिव्हायडरची दोन टोकं दोन जागांवर ठेवायची आणि तेवढंच उघडं अंतर नकाशाच्या उभ्या कडेला, अक्षांशांच्या पट्टीला लावायचं. एक मिनिट म्हणजे एक मैल. हाताला ती सवय लागते, जशी जेवताना उजव्या हाताला. शेतांचे चौकोन मोजून घेतली ती अंतरं बरोबर आली, कारण चौकोन मैलाचाच असतो. पण तिरके रस्ते चौकोनांत बसत नाहीत. ती नऊ अंतरं मी सर्व्हेच्या नकाशावर डिव्हायडरने घेतली, कडेला लावली आणि लिहिली. कडेला होते ते सागरी मैल. खाली जमीन होती.

चूक माझी आहे. माझ्या तिसऱ्या वहीत, निळ्या शाईत.

आता नीट ऐक. पुस्तकातलं जे बरोबर आहे, ते तू तिथे राहून मिळवलंस असं म्हणू शकतोस. मी काय सिद्ध करणार? बरोबर गोष्ट कुणाचीही असते. चूक मात्र ज्याची त्याची असते. ही नऊ अंतरं जगात एकाच ठिकाणी लिहिलेली होती, आणि ते ठिकाण तू म्हणतोस पुरात वाहून गेलं.

म्हणजे तुला उघडा पाडायचा तर मला भरल्या हॉलमध्ये सांगावं लागेल की नकाशे तपासून पोट भरणाऱ्या गुरुप्रसाद केळुसकरने जमीन सागरी मैलांत मोजली. हॉलमध्ये कोण असेल ते तुला ठाऊक नाही. अर्धे बँकवाले, अर्धे दर्यावर्दी. पहिल्या रांगेत कॅप्टन मनोहर गद्रे असतील, ज्यांच्या कंपनीच्या जहाजांचे नकाशे माझ्या हाताखालून जातात. दुकानातलं निम्मं काम त्यांचं. त्यांचा विश्वास उडाला तर तिघांतला कोण घरी जाईल हे विचारायला नको.

घरी सांगितलं. अदिती म्हणाली, "बाबा, यू वेटेड ट्वेंटी-सेव्हन इयर्स टु बी राँग, अँड नाऊ यू वॉन्ट मायक्रोफोन? सोडून द्या लाह." माझी मुलगी इथेच वाढली, तिला वाटतं सगळं सोडून देता येतं.  सुलभाने माझा पांढरा शर्ट इस्त्रीला काढला. समारंभाला अजून दोन आठवडे आहेत.

मला तुझी माफी नको. तुझं पुस्तकही नको. तू त्या खुर्चीत बसलेला असताना लहान होत गेलेला मला बघायचा आहेस.

गुरुप्रसाद


आंग मो किओ
शनिवार, २ ऑगस्ट, दुपार

निशिकांत,

सकाळी हॉटेलवरून तुझा फोन आला तेव्हा मी बाजारात होतो, हातात मेथी होती, म्हणून जास्त बोललो नाही. तुझा प्रस्ताव मी लिहून घेतो, म्हणजे नंतर दोघांचं वेगळं म्हणणं राहणार नाही.

एक, दुसऱ्या आवृत्तीत मुखपृष्ठावर दोघांची नावं. दोन, माझं नाव आधी आलं तरी तुझी हरकत नाही. तीन, नऊ अंतरं गुपचूप दुरुस्त होतील आणि ती कुणाची होती हे कुणालाच कळणार नाही. चार, त्या बदल्यात मी उद्या गप्प बसायचं. वह्यांचं तू काहीच बोलला नाहीस. मी विचारलं, तर म्हणालास, "वह्या वाहून गेल्या रे, किती वेळा सांगू. पण नाव तर देतोय ना?"

मी घरी येईपर्यंत विचार केला. लिफ्टमध्ये तर जवळजवळ हो म्हणालो होतो. नाव छापून येणार, आणि सागरी मैलांचं बोलावं लागणार नाही. पंचावन्नाव्या वर्षी माणसाला आणखी काय हवं?

मग लक्षात आलं की अंतरं एकदा दुरुस्त झाली की त्या वह्या कधी होत्याच नाहीत असं होईल. तू मला नाव देतोयस ते तुझ्या खिशातलं. मला ते माझ्या वहीतलं हवं आहे.

नाही. उद्या चार वाजता.

गुरुप्रसाद


आंग मो किओ
सोमवार, ४ ऑगस्ट, सकाळ

निशिकांत,

तू काल समोरच होतास, तरी लिहितो, कारण माझं बोलणं सुरू झाल्यापासून तू टेबलक्लॉथकडे बघत होतास आणि हॉलमध्ये काय झालं ते तुला दिसलं नसेल.

तुझं भाषण चांगलं झालं, हे आधी लिहितो. समोरून गाडी आली की तिथला शेतकरी स्टिअरिंगवरचा हात न काढता दोन बोटं उचलतो, ओळख असो नसो, हे तू सांगितलंस तेव्हा बायका हसल्या. पिवळ्या वाऱ्याचं सांगितलंस, एलिव्हेटरच्या धुळीचं सांगितलंस. ती दोन बोटं माझ्या वहीतली नाहीत. ती तुझी. तेवढं तुझं आहे.

मीनलबाईंनी प्रश्न विचारायला सांगितलं आणि मी उठलो. चौतीस चुकांची यादी घरीच ठेवली होती. फक्त नऊ अंतरं वाचली, पानांसकट, आणि खरी अंतरं. मग सांगितलं की ही नऊ अंतरं लेखकाची नाहीत, माझी आहेत, १९९८ साली हिंदी महासागरात मी डिव्हायडरने घेतलेली, आणि चुकीची. कशी चुकली ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात कॅप्टन गद्रे पहिल्या रांगेतून मागे वळले.

"लॅटिट्यूडच्या पट्टीवरून घेतलंस की काय रे?"

"हो, कॅप्टन."

ते हसायला लागले. आधी ते, मग त्यांच्या मागचे चार चीफ ऑफिसर, मग सगळी दर्यावर्दी बाजू. बँकवाल्यांना कळेना, तर कॅप्टननी उभं राहून समजावलं आणि मग तेही हसले. कॅप्टन म्हणाले, जमिनीवर जहाज चालवणारा सुखाणी चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिला. कुणीतरी मागून म्हणालं, मक्यात भरती किती वाजता असते विचारा.  सुलभा दुसऱ्या रांगेत ताठ बसली होती, अदिती जमिनीकडे बघत होती. मी बसलो नाही. हसणं संपेपर्यंत उभा राहिलो. दोन मिनिटं असतील. ज्या दोन मिनिटांची मला दोन महिने भीती होती, ती अशी गेली.

हसताहसताच कॅप्टन तुझ्याकडे वळले. तू जहाजावर तिसरा इंजिनिअर होतास हे त्यांनी तुझी ओळख करून देताना ऐकलं होतं; त्यांच्या मनात काही नव्हतं, खरंच विचारत होते.

"पण तीनसाब, तुम्ही इंजिनवाले. डिव्हायडर तुमच्या हातात आला कधी?"

दर्यावर्दी बाजूची सगळी डोकी तुझ्याकडे वळली. इंजिनरूमचा माणूस नकाशाला हात लावत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला आपल्या घराच्या दारासारखं ठाऊक होतं. ही चूक ब्रिजवरच्याच, म्हणजे वर जहाज हाकणाऱ्या, माणसाची. ती तुला करताच आली नसती. मीनलबाईंनी माईक तुझ्या पुढे केला. तू तो घेतला नाहीस, तरी मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"वह्या माझ्याकडे आहेत."

 मीनलबाई म्हणाल्या, चहा तयार आहे. लोक बटाटेवड्यांकडे गेले आणि तुझ्या टेबलाजवळ पुस्तकांचा गठ्ठा जसा होता तसा राहिला. तू खुर्चीत लहान झाला होतास. मला हवं होतं तेवढा झाला होतास. मी नीट बघून घेतलं.

निघताना कॅप्टननी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "केळुसकर, रागावू नकोस. पण या वर्षीचे आमचे सगळे नकाशे पुन्हा एकदा तपासून दे. मला झोप लागणार नाही." मी हो म्हटलं. त्यांच्या जागी मीही तेच मागितलं असतं.

आता दुकानात निघतोय. तुझा हिशेब झाला असं मला वाटतं आहे.

गुरुप्रसाद


आंग मो किओ
रविवार, १० ऑगस्ट

निशिकांत,

झाला नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी तू आलास तेव्हा मी घरात होतो. सुलभाने 'ते अजून आले नाहीत' म्हटलं, ते माझ्या सांगण्यावरून. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, तुझा प्रत्येक शब्द ऐकू येत होता. तू चहा घेतलास. तिच्या गुडघ्याचं विचारलंस. मग पिशवी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, आणि तू म्हणालास, "वहिनी, नेब्रास्काहून निघतानाच घेतल्या होत्या. द्यायचं धाडस होत नव्हतं." सुलभाने विचारलं, मग पुस्तकात तशीच अंतरं का छापलीत भावजी, तुम्ही तर रोज त्या रस्त्यांनी जाता. 

"मुद्दाम ठेवली. कधी त्याला मला पकडावंसं वाटलं, तर त्याच्या हातात काहीतरी असावं."

सुलभा तुला दारापर्यंत सोडायला गेली. आत येऊन म्हणाली, माणूस रडत होता हो. मी म्हटलं, लिफ्टला वेळ लागला असेल.

पण वह्या उघडल्या. सातही आहेत, पाण्याचा डागसुद्धा नाही. तू खुणा केल्यास. प्रत्येक पानावर, प्रत्येक जागेसमोर, शिसपेन्सिलीची बरोबरची खूण आणि तारीख. ऑटो रेझनिचेकच्या शेतासमोर लिहिलंयस, 'मुलगा चालवतो. ओढा आटलाय. कुत्रा चावरा.' शाळेसमोर, 'छत गेलं, आत मका साठवतात.' व्हर्नाबाईंसमोर, 'तुझ्याबद्दल सांगितलं. म्हणाल्या, घेऊन या त्यांना.' हे वाचायला मी सोळा वर्षं थांबलो होतो. ते वाचत मी दोन दिवस काढले. दुकानात गेलो नाही, सतरा वर्षांत पहिल्यांदा.

मग तिसरी वही. पहिल्या अंतरासमोर तुझं अक्षर: 'ट्रकने मोजलं. १४.०. १४ मे २०११.' दुसऱ्यासमोर, ७.०. तिसऱ्यासमोर, २१.०. नऊच्या नऊ. शेवटच्याखाली तू लहान अक्षरात लिहिलंयस, 'सागरी' आणि पुढे उद्गारचिन्ह. म्हणजे तू हसलास.

म्हणजे तुला माहीत होतं. जून महिन्यात हॉकर सेंटरमध्ये मला जे कळलं, ते तुला चौदा वर्षं आधी माहीत होतं.

चोरी मला समजते, निशिकांत. माणूस गेल्या जागी एकटा पडतो, हातात दुसऱ्याच्या वह्या असतात, काही वर्षांनी त्या आपल्याच वाटायला लागतात. वाहून गेल्याचं खोटंही समजतं, ते लाजेचं खोटं आहे. तू पकडून घ्यायला चुका ठेवल्यास, हे खरं असेल तर तू वाटतोस त्याहून बरा माणूस आहेस, आणि खोटं असेल तर आळशी आहेस. दोन्हींत मला रस नाही.

पण माझी चूक दिसली आणि तू मला कळवलं नाहीस. समुद्रात बुडालेलं जहाज दिसलं की कप्तान ते कळवतो. शत्रूच्या जहाजाला कळवतो, ज्याला ओळखत नाही त्याला कळवतो, कारण मागून येणारा त्याच पाण्यातून येणार असतो. तू एक ओळ टाकली असतीस, गुरू, तिरकी अंतरं सागरी झाली आहेत. मी दुरुस्त केली असती, खाली तारीख टाकली असती, आणि तुला दुवा दिला असता. त्याऐवजी तू चौदा वर्षं मला चुकलेला ठेवलंस. मी इथे लोकांचे नकाशे तपासत होतो आणि तिकडे तू वहीत हसत होतास.

कॅप्टन गद्र्यांचं काम शुक्रवारी हातात घेतलं, शनिवारी सुट्टी असूनही बसलो, आज सकाळी संपलं. दोनशे चौदा नकाशे. एकही चूक निघाली नाही. त्यांना तसं कळवलं. त्यांनी लिहिलं, 'माहीत होतं.' मग तपासायला का लावलं, ते मी विचारलं नाही.

आता माझ्याकडून एक गोष्ट.

वह्या परत आल्यावर मी त्या पहिल्यापासून तपासल्या, जसं कुणाही गिऱ्हाइकाचं तपासतो. पाचव्या वहीत आणखी एक चूक निघाली. अंतराची नाही. माझीच आहे, मोठी आहे, आणि इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आली नाही. तुझ्याही आली नाही. तिच्यासमोर तू बरोबरची खूण केली आहेस, तारीख टाकली आहेस, म्हणजे तू त्या जागी स्वतः उभा होतास आणि तरी तुला दिसली नाही. ती तुझ्या पुस्तकात जशीच्या तशी उतरली आहे. लॅथम काउंटीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला ते पान वाचून दाखवलंस तर तो टोपी मागे सारून हसेल.

माझ्या वहीत मी ती दुरुस्त केली. पान कुठलं, ओळ कुठली, हे सुलभाला सांगितलेलं नाही, अदितीला नाही, कॅप्टनना नाही. तू फोन केलास तरी सांगणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादी चूक माहीत असून कुणाला न कळवता झोपतोय, आणि झोप लागतेय.

दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा निघेल. तुझ्याकडे ट्रक आहे, सोळा टाउनशिप आहेत, पाचशे शहात्तर चौरस मैल. एकेका जागी जाऊन पुन्हा बघ.

गुरुप्रसाद